केसांची गोळी चिठ्ठीशिवाय मिळू नये, यावर चर्चा हवी

नौपाडाकर
ठाण्यात केसांची क्लिनिकं किती उघडली यावर माझा आक्षेप नाही. केसगळतीवरची फिनास्टेराइड ही गोळी काउंटरवर बी-कॉम्प्लेक्ससारखी मिळते, त्यावर आहे. नियमाने ती चिठ्ठीवरच द्यायची गोळी. आमच्या भागातला केमिस्ट फक्त "एक पत्ता की दोन?" एवढंच विचारतो.

टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून शरीरात डीएचटी हे आणखी जोरकस हार्मोन बनतं. ते बनवणारं एन्झाइम ही गोळी अडवते आणि रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्क्यांनी उतरतं. टक्कल पडणाऱ्यांच्या केसांची मुळं डीएचटीमुळेच बारीक होत जातात, म्हणून गळती आटोक्यात येते. इथवर ठीक. पण डीएचटीवर प्रोस्टेटही (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) पोसतं. अमेरिकेत ही गोळी आधी 1992 साली 5 मिग्रॅमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच आली. केसांसाठी 1 मिग्रॅला परवानगी 1997 साली मिळाली.

गोम पुढे आहे. काही महिने गोळी घेतली की पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरचा संशय आहे का हे बघायला रक्तात मोजतात तो आकडा) जवळपास निम्मा होतो, 1 मिग्रॅनेसुद्धा. पंचावन्नच्या काकांचा खरा आकडा 6 असेल तर रिपोर्टवर 3 येणार. लॅबची मर्यादा 4, म्हणजे सगळं आलबेल! गोळी चालू आहे हे माहीत असलेला डॉक्टर तो आकडा दुप्पट करून वाचतो. केमिस्टकडून परस्पर घेणाऱ्याचा रिपोर्ट कोण वाचणार?

वाशीचा_टकल्या
असहमत. चिठ्ठी-चिठ्ठी करून पोरांना घाबरवायचं आणि तपासणी फीचे पैसे मोजायला लावायचे. 1 मिग्रॅच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी 3.8 टक्के पुरुषांनी सांगितल्या आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही 2.1 टक्क्यांनी. फरक आहे, पण केवढा? 2007 च्या एका इटालियन अभ्यासात 5 मिग्रॅ घेणाऱ्या ज्या रुग्णांना "असा त्रास होऊ शकतो" असं आधीच सांगितलं होतं, त्यांच्यातल्या 43.6 टक्क्यांना तो झाला. न सांगितलेल्यांत 15.3 टक्के. तुमचा धागा वाचूनच अर्ध्या नवी मुंबईला त्रास सुरू होईल.

नेरुळची_माई
पुरुषमंडळी आपल्याच डोक्यापुरतं बोलताहेत. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो, कारण गर्भ मुलग्याचा असेल तर त्याची बाह्य जननेंद्रियं घडायला डीएचटीच लागतं. रक्तदानाचंही तसंच. डुटास्टेराइड ही याच जातीची दुसरी गोळी घेणाऱ्याने शेवटच्या गोळीनंतर 6 महिने रक्त द्यायचं नाही, कारण ते गरोदर बाईला चढू शकतं. या गोळीचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायलाच पाच आठवडे लागतात. आमच्या मंडळाच्या शिबिरात फॉर्मवर "औषधं चालू?" पुढे सगळे डोळे झाकून "नाही" वर टिक करतात. केसांची गोळी यांच्या लेखी औषध नव्हेच.

खारघर_बारबेल
केसांवर एवढं रामायण, आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालतात त्यावर सगळे चिडीचूप! बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे. अंडकोषांना कामाला लावणारी एलएच-एफएसएच ही मेंदूकडची हार्मोन्स बसतात, अंडकोष आक्रसतात, शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. रक्त घट्ट होतं ते वेगळंच. दंड फुगवून लग्नाला उभे राहतात आणि मग फर्टिलिटी सेंटरच्या रांगेत. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण महिनोन्महिने जातात. बंदोबस्त करायचा तर आधी याचा करा.

नौपाडाकर
@बारबेल, त्यावर वेगळा धागा काढा, पहिला +1 माझा.
@टकल्या, मनाच्या धास्तीने पीएसए निम्मा होत नाही. आणि 2025 साली युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलंय. किती जणांना होतो ते ठरलेलं नाही. पण निदान कुणीतरी "मन कसं आहे?" विचारायला नको?

वाशीचा_टकल्या
विचारायला हवं, मान्य. पण विचारतं कोण? मी रीतसर चिठ्ठी घेतली होती. डॉक्टरांनी टाळूवर टॉर्च मारला, मोबाइलवर फोटो काढला, गोळी लिहिली. वडिलांना प्रोस्टेट आहे का, मूल हवंय का, एक शब्द नाही. त्यापेक्षा पत्त्यावर मराठीत ठळक छापा: पीएसए करताना लॅबला सांगा, रक्तदान करू नका. चिठ्ठीपेक्षा ते जास्त लोक वाचतील.

नेरुळची_माई
पत्ता वाचतात होय? आमच्याकडे कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून देतात, छापलेलं अर्धं दुकानातच राहतं.