स्पेनमधले उरुग्वेयन : २००२ च्या आधीचा पाया

वर एका सदस्याने लिहिलंय की स्पेनमधली उरुग्वेयन मंडळी उरुग्वेतल्या २००२ च्या बँक संकटानंतर आली. संख्या तेव्हा वाढली हे खरं, पण त्याआधीचा एक मोठा अध्याय यात सुटतोय.

उरुग्वेतल्या १९७३ च्या लष्करी उठावानंतर तिथल्या राजवटीतून निसटलेले कामगार नेते, कलावंत, प्राध्यापक युरोपभर विखुरले. स्पेनमध्ये १९७५ पर्यंत हुकूमशहा फ्रँकोच होता, त्यामुळे अनेकांनी आधी स्वीडन किंवा फ्रान्स गाठलं. या निर्वासितांची १५४ मुलं २६ डिसेंबर १९८३ ला विमानाने उरुग्वेच्या राजधानीला, माँटेव्हिडिओला गेली. आईवडिलांना मायदेशी पाऊल ठेवता येत नव्हतं, म्हणून मुलांनी जाऊन आजीआजोबांना भेटायचं! कित्येकांनी तो देश पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या स्वागताला रस्त्याच्या दुतर्फा अलोट गर्दी लोटली होती. हे वाचताना मला आजही भरून येतं.

पुढे स्पेनमध्ये आलेल्यांना जुन्या मंडळींचा आधार झाला. भाषा एकच, त्यामुळे रुळणं सोपं गेलं. तरी माते (तिकडचा पानांचा चहा) पिणं सुटलं नाही आणि बार्सिलोनाच्या रस्त्यांवर कांदोंबेचे ढोल घुमू लागले. मूळचं आफ्रिकी गुलामांच्या वंशजांचं हे वादन आता सगळ्याच उरुग्वेयनांचं झालंय.

एक गोष्ट मात्र मला फार खटकते. परदेशातून मतदान करता येत नाही, त्यासाठी मायदेशीच जावं लागतं. टपाली मतदानाचा प्रस्ताव २००९ च्या सार्वमतात फेटाळला गेला. घरी पैसे पाठवणाऱ्यांना मताचा हक्क का नसावा?