सिल्डेनाफिल ५० लिहून दिलीय. शुगर, बीपी, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असताना घ्यायची कशी?

जिंतूरकर
वय ५४. मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा, बीपीला टेल्मिसार्टन ४०, लघवीच्या त्रासासाठी रात्री टॅम्सुलोसिन ०.४. आता ताठरतेसाठी सिल्डेनाफिल ५० मिळाली. टॅम्सुलोसिन दुसऱ्या डॉक्टरांची आहे, ही गोळी लिहिणाऱ्यांना ती सांगायची राहिली. जेवणाआधी घ्यायची की नंतर? अर्धी चालते का? आणि घरात वडिलांची सॉर्बिट्रेट (छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) असते, तिचा काही संबंध आहे का?

औषधवाला_लातूर
भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण जिवाला धोका तिथंच आहे.

शरीरात सीजीएमपी नावाचं द्रव्य रक्तवाहिन्या सैल करतं. सॉर्बिट्रेट ते वाढवते, सिल्डेनाफिल ते संपू देत नाही. एकानं नळ सोडला आणि दुसऱ्यानं मोरी बुजवली, असं होतं. अंगभरच्या वाहिन्या एकदम सैलावतात, बीपी कोसळतो आणि माणूस जागेवर पडतो. म्हणून सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर (ताठरतेचीच दुसरी गोळी) किमान ४८ तास सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन, मोनोनायट्रेट काहीही नको. हृदयाचीच निकोरँडिलही त्याच यादीत. ज्याला यातली एखादी गोळी कायम चालू आहे, त्यानं ताठरतेची ही औषधं घ्यायचीच नाहीत, गॅप ठेवूनही नाही.

आपल्याकडं छातीत कळ आली की शेजारीपाजारी आधी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. म्हणून ही गोळी घरच्यांपासून लपवू नका. निदान बायकोला तरी माहीत पाहिजे. कळ आलीच तर १०८ ला फोन करायचा आणि गोळी किती वाजता घेतली ते पहिल्याच वाक्यात सांगायचं.

टॅम्सुलोसिन हीसुद्धा वाहिन्या सैल करते, पण तिथं पूर्ण बंदी नाही. ती काही आठवडे एकाच डोसवर चालू असावी, उठताना चक्कर येत नसावी, आणि सिल्डेनाफिलची सुरुवात २५ नं करावी. म्हणजे तुमच्यासाठी ५० ची अर्धी. पण आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून टॅम्सुलोसिनचं सांगा. ते हो म्हणाले तर दोन्हींत चार तास ठेवा आणि खाटेवरून उठताना मिनिटभर बसून मग उभे राहा. वय ६५ च्या पुढं किंवा लिव्हर-किडनी कमजोर असली तरी सुरुवात २५ नंच करतात.

एमडी_मेडिसिन_नांदेड
वरचं सगळं बरोबर. जेवणाचं सांगतो. सिल्डेनाफिल रिकाम्या किंवा हलक्या पोटी, साधारण तासभर आधी. तर्रीचं मटण खाऊन घेतली तर असर तासभर लांबतो आणि उतरतोही. मग लोक गोळी बोगस समजून दुसरी घेतात. २४ तासांत एकच, हा नियम मोडू नका. दारू त्या दिवशी नको, ती बीपी आणखी पाडते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो, तेव्हा दिवसभर शेतात घाम गाळून पाणी कमी पडलं असेल तर त्या रात्री गोळी टाळलेली बरी.

डोकं दुखणं, चेहरा तापणं, नाक चोंदणं, जळजळ, थोडा वेळ निळसर दिसणं हे होतं आणि जातं. पण ताठरता चार तासांच्या वर राहिली, एका डोळ्याचं दिसणं अचानक गेलं किंवा ऐकू येईनासं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. ताठरलेल्या अवयवात रक्त साकळतं, आतल्या पेशी मरतात आणि कायमचं नुकसान होतं. सुईनं रक्त काढून ते सोडवता येतं, पण वेळेत. तालुक्याला सोय नसेल तर सरळ संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा जवळचं मेडिकल कॉलेज गाठा. इथं लाज महागात पडते.

बुरशीची इट्राकोनॅझोल किंवा अँटिबायोटिक क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहिली तर ही गोळी सांगा. त्यांनी तिचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढतं. सहा महिन्यांत हार्ट अटॅक किंवा लकवा झालेल्यांनी आधी हृदयाची तपासणी करायची.

बीडचा_वाचक
बाजारात "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून पुड्या-कॅप्सूल विकतात, त्यांपासून जपा. अशा मालात सिल्डेनाफिल मिसळलेली अनेकदा सापडली आहे, आणि डोस कुणालाच ठाऊक नसतो. मेडिकलमध्ये डॅपॉक्सेटिन मिसळलेली जोडगोळीही मिळते. ती शीघ्रपतनाची, तुमच्या चिठ्ठीत नसेल तर दुकानदारानं दिली तरी घेऊ नका.

जिंतूरकर
आभार. दोन वेळा घेऊन काही झालं नाही तर १०० करू?

एमडी_मेडिसिन_नांदेड
नाही, स्वतःहून नाही. गोळी इच्छा तयार करत नाही, उत्तेजना असेल तरच काम करते. पोट हलकं, वेळ बरोबर, मन निवांत अशा सहा-आठ वेळा झाल्यावरच लागू पडत नाही म्हणा. तेव्हा डॉक्टर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सकाळी ८ ते १० मध्ये टेस्टोस्टेरॉन पाहतील. तंबाखू-गुटखा चालू असेल तर तोही सांगा. त्यानं याच बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. हृदयाचंही विचारून घ्या. लिंगाच्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून शुगरवाल्यांत चोंदण्याची खूण बरेचदा आधी इथं दिसते.

टॅडालाफिल ५ रोज हा वेगळा मार्ग आहे, तिनं लघवीचा त्रासही कमी होतो. पण टॅम्सुलोसिन चालू असताना तिची भर घालायची नाही. कोणती ठेवायची हे ठरवायला दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच टेबलावर ठेवा.