अनुदानाची बेरीज आणि भावातली तूट : मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीचे उत्पन्न नेमके कसे मोजावे?

कोरडवाहू, औसा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. खरिपात सोयाबीन, त्यात तुरीचे तास, आणि परतीचा पाऊस बरा झाला तर हरभरा. धाकट्या भावाने 2024 च्या हंगामाचा जमाखर्च मांडला, तेव्हा पीएम किसानचे 6,000, नमो शेतकरी महासन्मान निधीचे 6,000 आणि 2023 च्या खरिपातील सोयाबीनसाठी मिळालेले हेक्टरी 5,000 प्रमाणे 10,000 अशी 22,000 रुपयांची रक्कम त्याने सरळ उत्पन्नात धरली. वडिलांचे म्हणणे असे की ती वजा करूनच शेतीचा हिशेब बघावा. सोयाबीन एकरी सहा क्विंटल उतरले आणि 4,150 ने गेले. ठिबकाला 80 टक्के अनुदान आहे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत आहे, पण आमच्याकडे विहीरच नसल्यामुळे या दोन्ही योजना आम्ही फक्त वर्तमानपत्रात वाचतो. सरकार शेतीवर एवढा पैसा खर्च करते असे म्हणतात. त्यातून आमच्यासारख्याच्या उत्पन्नात खरोखर किती भर पडते, हे जाणकारांनी सांगावे.

कृषी पदवीधर, परभणी

दादा, वडिलांची पद्धत मला अधिक योग्य वाटते, आणि त्याचे कारण तुमच्याच आकड्यांत आहे. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता. तुमचा माल 4,150 ने गेला, म्हणजे क्विंटलमागे 742 रुपये कमी. पाच एकरांतल्या तीस क्विंटलवर ही तूट 22,260 रुपये होते. तीन योजनांचे मिळून आलेले 22,000 या एकाच खड्ड्यात गेले, आणि वर 260 रुपये तुम्हीच घातले. हे पैसे निरुपयोगी होते असे मी म्हणत नाही. ते आले नसते तर पुढच्या पेरणीचे बियाणे उधारीवर घ्यावे लागले असते. परंतु त्यांनी तुमचे उत्पन्न वाढवले नाही, घसरण तेवढी थोपवली.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 77 व्या फेरीत 2018-19 या कृषी वर्षासाठी महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न 11,492 रुपये आढळले होते. देशपातळीवर ते 10,218 होते, आणि त्यात पिकांपासूनचे निव्वळ उत्पन्न 3,798, तर मजुरी-पगाराचे 4,063. म्हणजे आपण ज्यांना शेतकरी कुटुंब म्हणतो त्यांच्या घरात शेतापेक्षा मजुरीतून अधिक पैसा येत होता. अशा घराला पीएम किसान आणि नमोचे मिळून महिन्याकाठी पडणारे हजार रुपये म्हणजे क्षुल्लक रक्कम नव्हे, हेही मान्य केले पाहिजे.

खतावरचे अनुदान मात्र तुमच्या वहीत कधी दिसणारच नाही, कारण ते कंपनीकडे जाते आणि तुम्हाला 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. सोयाबीनला युरिया फारसा लागत नाही. त्यामुळे या मोठ्या अनुदानाचा वाटा कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा ऊसवाल्याकडे जास्त जातो. पाणी आहे त्याच्याकडे वीज, ठिबक आणि खत अशी तिन्ही अनुदाने एकत्र पोहोचतात, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्या वाट्याला फक्त खात्यावरचे हप्ते उरतात.

मोसंबी बागायतदार, अंबड

पाणी असलेल्यांची चंगळ आहे असा सूर वर दिसतो, म्हणून लिहिते. आमच्या मोसंबीला ठिबक अनुदानावर बसवले आणि त्यामुळेच बाग उन्हाळ्यात तगली, हे मी नाकारणार नाही. परंतु प्रक्रिया अशी आहे की महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, मग पूर्वसंमती, मग संपूर्ण रकमेचे जीएसटी बिल स्वतः भरून संच बसवायचा, त्यानंतर मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी, आणि अक्षांश-रेखांशासह फोटो, आणि मग खात्यावर पैसे येण्याची वाट बघायची. मधल्या काळासाठी मी सोने गहाण ठेवले होते. त्याचे व्याज कोणत्याही अनुदानाच्या आकड्यात धरलेले नसते. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे नाहीत, तो अल्पभूधारक असून आणि 80 टक्क्यांना पात्र असूनही अर्जच करत नाही. मोफत विजेचे म्हणाल, तर बिल येत नाही हा मोठा दिलासा आहे. पण पाणी द्यायला रात्रपाळीलाच जावे लागते.

बटईदार, कळमनुरी

येथे सगळे सातबाराधारक बोलत आहेत. मी निम्म्या बटईने, म्हणजे निम्मे पीक मालकाला देऊन, सात एकर करतो. पीएम किसान मालकाला, नमोचा हप्ता मालकाला, सोयाबीनचे हेक्टरी 5,000 मालकाला. 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत शेंगांना जागेवर कोंब फुटले; सरकारने कोरडवाहूला हेक्टरी 8,500 आणि वर रब्बीसाठी 10,000 जाहीर केले, तेही मालकाच्या खात्यावर. आमचा मालक भला माणूस आहे, त्याने अर्धे दिले. बटई तोंडी असते; लिहून द्या म्हटले तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याकडे जाते.

कृषी पदवीधर, परभणी

हमीभावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. 4,892 हा भाव क्विंटलमागे 3,261 रुपये उत्पादन खर्च धरून, त्याच्या दीडपट ठरला होता. त्या खर्चात निविष्ठा (बियाणे, खते, औषधे वगैरे) आणि घरच्या माणसांची मजुरी येते. स्वतःच्या जमिनीचे आकारलेले भाडे येत नाही. शिवाय तो साऱ्या देशाची सरासरी आहे, आपल्याकडचा नव्हे.

निवृत्त मुनीम, लातूर आडत बाजार

औशाचे पाहुणे हमीभाव केंद्रावर का गेले नाहीत, हे कोणी विचारले नाही. मी अनेक वर्षे वजनकाट्याशेजारी बसलो असल्यामुळे सांगू शकतो. काढणीचे गुत्ते (ठेक्याची मजुरी), मळणी आणि दुकानाची उधारी हे सगळे दिवाळीच्या आत द्यावे लागते. केंद्रावर नोंदणी करायची, संदेशाची वाट बघायची, हवा, म्हणजे दाण्यातला ओलावा, 12 टक्क्यांच्या वर निघाली की माल परत न्यायचा, आणि कधी बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून काटा बंद. (2024 च्या नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत नेली, पण तोवर बराच माल आडतीवर आला होता.) आडत्या त्याच दिवशी पट्टी (विक्रीचा हिशेब) करून पैसे देतो, 742 रुपयांची ती तूट म्हणजे या घाईची किंमत.

दुसरे असे की भाव लातुरात ठरत नाही. 2024 च्या सप्टेंबरात कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले, तरी सोयाबीन सावरले नाही, कारण पेंडीला उठाव नव्हता. आणि 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावर, तेच शुल्क पुन्हा कमी केले. त्याच वर्षी ऑगस्टात कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढले. एका हाताने हप्ते द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भाव दाबायचा, याला मी तरी अनुदान म्हणणार नाही.

कोरडवाहू, औसा

सर्वांचे आभार. भावाला वरची वजाबाकी दाखवली. त्याने हप्त्यांसाठी वेगळा रकाना केला. आता एक पुढची शंका आहे. मध्य प्रदेशाने 2025 च्या खरिपात सोयाबीनला भावांतर योजना लागू केली, म्हणजे बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक खात्यावर. केंद्रावर रांग नको, बारदान्याची अडचण नको. आपल्याकडे हे झाले तर?

निवृत्त मुनीम, लातूर आडत बाजार

फरक सरकार भरणार हे खरेदीदाराला आधीच कळले, तर तो आणखी खाली बोली लावतो. 2017 मध्ये मध्य प्रदेशात हीच योजना आली तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला होता. शिवाय फरक शेतकऱ्याच्या स्वतःच्या पट्टीवर न देता बाजाराच्या सरासरीवर काढला, तर सर्वांत कमी भाव मिळालेल्याचेच नुकसान राहते. तरीही केंद्रापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या पाच एकरवाल्याला यातून काहीतरी मिळेल असे मला वाटते. अट एवढीच की बटईदाराची नोंद आधी व्हावी, नाहीतर तो फरकही मालकाच्याच खात्यावर जाईल.