जुनी गाडी बघून ठरवा

'नव्या गाडीला पूर्ण पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) करू की फक्त पुढे?' असं विचारलंय, म्हणून सांगतो. आधी आपली जुनी गाडी उन्हात नीट बघा. जिथे रंगाचे टवके उडालेत, तीच तुमची यादी. माझ्या गाडीचा बंपर, बॉनेटची पुढची कड आणि मागच्या चाकापुढचा खालचा पत्रा पार ठिपक्याठिपक्यांचा झाला होता. छत मात्र कोरं. हायवेवर जास्त फिरत असाल तर बॉनेट पूर्णच करा, फिल्म अर्ध्यावर थांबली की तिथे मळाची रेघ धरते. दारांच्या कडा आणि हँडलमागची खोबणही घ्या (नखांचे ओरखडे!), तुकडे छोटेच लागतात. छताला सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा अगदी पातळ थर) पुरे. गाडीच्या पुढच्या भागावर मात्र ते उडणारी खडी अडवत नाही. फिल्म अडवते, कारण ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते.