मदत हवी आहे: बॉनी रेटवरून सिपी वॉलेसकडे कसं जाऊ?

मंडळी, अमेरिकन ब्लूज गायिका-गिटारवादक बॉनी रेटचा १९७१चा पहिला अल्बम (नाव तिचंच) आठवडाभर ऐकतोय. मिनेसोटात तळ्यातल्या बेटावर, रिकाम्या समर कॅम्पमध्ये, फोर-ट्रॅकवर (चारच ट्रॅक असलेल्या टेपवर) ध्वनिमुद्रण. सगळे एकाच खोलीत बसून वाजवताहेत असं वाटतं. ज्युनिअर वेल्सचा माउथऑर्गन तर क्या बात!

पण मला धरून ठेवलंय ते सिपी वॉलेसच्या दोन गाण्यांनी. १९२०च्या दशकातली ही ब्लूज गायिका पुढे बॉनीबरोबर पुन्हा मंचावर गायली. बॉनीचे ग्रॅमी वगैरे नंतरचं. माझ्या मते या अल्बमची खरी कमाई हीच.

तर जाणकारांनो, सिपीची ७८ आरपीएमच्या (जुन्या तबकड्यांच्या) काळातली कोणती गाणी आधी ऐकू? खरखर चालेल. आणि स्लाइड गिटार (तारांवर काचेची किंवा धातूची नळी सरकवून वाजवतात ती) कानाला ओळखू यावी म्हणून सुरुवात कुणापासून करावी?