88 हजार डॉलरचं कॉलेज खरंच 88 हजारांना पडतं का?

झुळूक:
नमस्कार मंडळी. मुलगी इथे अमेरिकेत अकरावीला आहे. आम्हा दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न 1,35,000 डॉलर, घरात चौघं, ग्रीन कार्ड आहे. तिला आवडलेल्या खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च साइटवर 88 हजार दिसला आणि नवऱ्याने विषयच संपवला, ‘स्टेट युनिव्हर्सिटी बघा, आपल्याला कोण मदत देणार?’ खरंच मधल्या उत्पन्नवाल्यांना काही मिळत नाही का? दोन वर्षांनी धाकटाही कॉलेजला जाईल.

वाटाड्या:
झुळूकताई, 88 हजारांवर जाऊ नका. आमचं उत्पन्न तुमच्याच आसपास. मुलीच्या खासगी कॉलेजचा खर्चही तेवढाच होता, पण 57 हजारांची ग्रँट (परत न फेडायची मदत) मिळाली, म्हणजे राहिले 31. आमची स्टेट युनिव्हर्सिटी ग्रँटशिवाय 34 हजारांना पडत होती! दरवेळी असं होतंच असं नाही, पण फॉर्म भरल्याशिवाय कळणार कसं?

आता कॉलेज किती मदत (एड) देणार ते कळवणारं पत्र कसं वाचायचं ते सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. आमच्या पत्रात तळाशी ‘शिल्लक 23 हजार’ असं ठळक छापलं होतं. 31 चे 23 कुठून झाले? 5,500 चं फेडरल लोन आणि 2,500 ची वर्क-स्टडी (शिकताना करायचं अर्धवेळ काम), दोन्ही ‘एड’ म्हणून वजा केलेली. लोन मुलीलाच फेडायचंय, आणि वर्क-स्टडीचे पैसे तिने काम केलं तरच हातात येणार. ही कसली मदत? पेन्सिल घ्या, खर्चातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करा. उरेल तो खरा आकडा, तोच कॉलेजा-कॉलेजांत ताडून बघा.

धाकट्याबद्दल: पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की फॅफ्सामध्ये (सरकारी मदतीच्या अर्जात) आईवडिलांचा वाटा विभागला जायचा. 2024-25 पासून ते बंद झालं. सीएसएस प्रोफाइल हा वेगळा, जास्त तपशिलाचा अर्ज मागणारी बरीच खासगी कॉलेजं मात्र अजून त्याचा विचार करतात.

हार्वर्ड आणि एमआयटीने 2025-26 पासून साधारण 2 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ट्यूशन (शिक्षणाची फी) माफ केलीय, 1 लाखाच्या आत असाल तर राहणं-जेवणंही. पण आधी प्रवेश मिळायला हवा ना!

शेवंती:
आमच्याकडे उत्पन्न 40 हजार. 2024-25 ला मुलाला पूर्ण पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी) मिळाली, 7,395 डॉलर. त्यात राज्याची ग्रँट धरून स्टेट कॉलेजची ट्यूशन भागली. खोलीचं भाडं आणि जेवणखाण उरलंच, तेच जड जातंय. कमी उत्पन्न म्हणजे सगळं फुकट, असं लोकांना उगाच वाटतं.

खडीसाखर:
आमचं 2,80,000. गरजेवर आधारित ग्रँट शून्य. मुलाला एका खासगी कॉलेजने गुणांवर 25 हजारांची मेरिट स्कॉलरशिप दिली, तिथेच गेला. हार्वर्डसारखे आयव्ही लीगवाले मेरिट देत नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्यांनी यादी करतानाच हे बघावं.

वाटाड्या:
आणि हो, मुलगी दहावीत असताना जे जानेवारी ते डिसेंबर सुरू होतं, त्या वर्षाचं उत्पन्न पहिल्या फॅफ्साला धरतात. त्या वर्षात बोनस किंवा शेअर विकून पैसे आले असतील तर आकडा फुगलेला दिसेल. तसं झालं असेल तर कॉलेजच्या एड ऑफिसला कागदपत्रांसह लिहा. ते फेरविचार करू शकतात.

झुळूक:
काल कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (ग्रँट वजा जाऊन किती पडेल त्याचा अंदाज देणारं) भरलं. 38 हजार आले. नवऱ्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढून पुन्हा भरलं, तेवढेच आले. दुसऱ्या कॉलेजला मात्र 46! ते घराची किंमतही विचारत होते, ती कशाला?

वाटाड्या:
फॅफ्सा राहतं घर धरत नाही. सीएसएसवाली काही कॉलेजं धरतात, म्हणून दोन कॉलेजांचे आकडे जुळत नाहीत. निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक मालमत्तेच्या रकान्यात टाकली नाहीत ना? फॅफ्सात ती येत नाही. तपासून घ्या.