मदत हवी आहे: 'स्प्रूस'ला मराठीत काय म्हणतात? (तातडीचे)

शब्दखोर:
मंडळी, 'स्प्रूस' या इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द हवाय. कोशात दोनच अर्थ मिळाले, एक सूचिपर्णी झाड आणि दुसरा नीटनेटका. दोन्ही बसत नाहीत. उद्या सकाळी १० ला काम द्यायचंय. 'गूगलून बघा' म्हणू नका, ते करूनच इथे आलोय.

चिवडा_बाय_टू:
देवदार. घ्या, झालं काम.

रानभूल:
देवदार नव्हे हो! देवदार म्हणजे सीडर. स्प्रूस वेगळा, फर वेगळा, पाइन वेगळा. ओळखायला सोपं आहे. एक सुई चिमटीत धरून फिरवा. चौकोनी असेल, सहज फिरली, तर स्प्रूस. चपटी असेल, फिरत नसेल, तर फर. स्प्रूसची सुई गळली की तिच्या बुडाचा बारीक खुंट काडीवर राहतो, म्हणून वाळलेल्या काडीवरून बोट फिरवलं की कानशीसारखं खरखरतं. शंकूही खाली लोंबतात. हिमाचलात या झाडाला 'राई' म्हणतात, तेच लिहा.

चिवडा_बाय_टू:
'राई' लिहिलं तर निम्म्या लोकांना फोडणीची मोहरी आठवेल आणि उरलेल्यांना आमराई.

निवृत्त_मास्तर:
धागाकर्त्याने संपूर्ण वाक्य दिलेले नाही. संदर्भावाचून अर्थ सांगणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे. तूर्त 'टापटीप' सुचवतो.

सहा_तारा:
मराठी कशाला करताय? गिटारच्या दुकानात सगळे 'स्प्रूस टॉप'च म्हणतात. वजनाला हलकं, तरी ताठ, म्हणून व्हायोलिनची पुढची फळीसुद्धा याच लाकडाची. अवांतर: हॉवर्ड ह्यूजच्या त्या अजस्र विमानाला लोक 'स्प्रूस गूज' म्हणायचे. २ नोव्हेंबर १९४७ ला एकदाच उडालं. गंमत म्हणजे ते बहुतेक सगळं बर्चच्या लाकडाचं होतं!

शब्दखोर:
गिटार, विमान कुठून आलं?? झाड बसत नाही असं पहिल्याच ओळीत म्हटलंय.

निवृत्त_मास्तर:
पहिल्या नव्हे, तिसऱ्या. वाक्य द्या.

शब्दखोर:
बरं. माहितीपटाची उपशीर्षकं करतोय. लंडन, १६वं शतक. निवेदक सांगतो की एका तरुणाच्या अंगात 'स्प्रूस लेदर जर्किन' होतं. मी आधी 'देवदारी चामड्याचं जाकीट' केलं होतं. हसू नका.

परतीचा_पाऊस:
अहो, हे आधी सांगायचं ना! इथे झाडाचा काही संबंध नाही. 'स्प्रूस' म्हणजे प्रशिया, बाल्टिक समुद्राकाठचा जुना मुलूख. जुन्या इंग्रजीत त्या मुलखाला 'प्रूस' म्हणत. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चौसर, त्याच्या काव्यातला सरदारही 'प्रूस'लाच जाऊन आलेला आहे. त्याचंच 'स'कार लागलेलं रूप स्प्रूस. हान्सा या उत्तर युरोपातल्या व्यापारी संघाचे लोक डान्झिगहून, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कहून, इंग्लंडला माल पाठवायचे. फळ्या, पेट्या, बिअर, चामडं. त्या मालाला 'स्प्रूस'चा माल म्हणत, आपण पैठणची ती पैठणी म्हणतो तसं. फळ्या ज्या झाडाच्या, त्या झाडालाही पुढे तेच नाव चिकटलं.

आणि नीटनेटका हा अर्थ बहुधा तुमच्या त्या जर्किनातूनच आला. प्रशियाचं चामडं मऊ, उंची. ते घालून फिरणारा गडी म्हणजे ऐटबाज. त्यावरून मग 'स्प्रूस अप' करणं. एवढ्या मोठ्या मुलखाचं नाव शेवटी दाढी-आंघोळ करून तयार होण्यापुरतं उरलं.

निवृत्त_मास्तर:
सुरुवातीचा 'स' कुठून आला ते सांगितले नाहीत. जर्मन 'श्प्रोसं', म्हणजे कोंब. स्प्रूसच्या कोवळ्या कोंबांची बिअर करीत, त्यावरून नाव पडले असे आम्ही वाचले आहे.

परतीचा_पाऊस:
मास्तर, बिअरच्या नावावर त्या शब्दाची सावली पडली असेल, मान्य. पण कोंबांचं जाकीट कोण शिवेल? पेटी कशी करायची कोंबांची?

चिवडा_बाय_टू:
हे मोसंबीसारखं झालं. म्हणे मोझांबिकची ती मोसंबी.

रानभूल:
त्याचा वेगळा धागा काढा. आणि 'राई' चुकीचं नव्हतं. प्रश्न अर्धा होता.

निवृत्त_मास्तर:
पेटीचा मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे.

शब्दखोर:
@परतीचा_पाऊस, पाया पडतो. 'प्रशियन चामड्याचं जाकीट' लिहितोय, ओळीतही बसतंय. पण पुढे निवेदक शब्दावर कोटी करतो, 'स्प्रूस इन स्प्रूस' असं काहीतरी. त्याचं काय करू?

परतीचा_पाऊस:
ती मराठीत येणार नाही. 'प्रशियाचं चामडं, प्रशियाची ऐट' करून बघा. नाहीच जमलं तर सोडून द्या, पडद्यावर दोन सेकंदही राहणार नाही.

शब्दखोर:
'ऐट' घेतली. फाइल पाठवली. माहितीपटात शेवटी ट्रफल्गार चौकातला ख्रिसमस ट्री दाखवलाय, १९४७ पासून नॉर्वे दरवर्षी पाठवतं तो. तिथे सरळ 'स्प्रूस' ठेवलं.

सहा_तारा:
मी पहिल्यापासून तेच सांगत होतो.

ठाणेकरीण:
उशिरा आले, सॉरी. माझ्याकडे बाल्कनीत कुंडीत स्प्रूस आहे, गेल्या डिसेंबरात घेतलेला. खालच्या फांद्या पिवळ्या पडतायत. पाणी कमी करू का?

रानभूल:
ताई, नर्सरीत ख्रिसमस ट्री म्हणून देतात तो बहुतेक अरोकेरिया असतो. फोटो टाका. कुंडीला खाली भोक आहे का?